आर्म लिफ्ट शस्त्रक्रियेतील भुलीची निवड

वजन उतरल्यावर किंवा वयोमानाने दंडाखाली लोंबू लागलेली कातडी आणि चरबी काढून टाकण्याच्या सौंदर्यशस्त्रक्रियेला ब्रेकियोप्लास्टी, रोजच्या बोलण्यात आर्म लिफ्ट, म्हणतात. काप बहुधा काखेपासून कोपरापर्यंत दंडाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूने जातो आणि दोन्ही हातांना मिळून दोन-तीन तास लागतात. त्यासाठी नुसती जागा बधिर करायची, जोडीला गुंगीचे औषध द्यायचे, की पूर्ण भूल द्यायची, हे कापाची लांबी आणि रुग्णाची प्रकृती पाहून भूलतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन मिळून ठरवतात. रुग्णाची इच्छा विचारात घेतात, पण ती एकटी पुरत नाही.

पुण्याचे प्लास्टिक सर्जरीशी नाते भुलीच्याही आधीचे आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीट भाजणाऱ्या कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. ही हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. विल्यम मॉर्टनने बोस्टनमध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक दाखवले ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, म्हणजे त्यानंतर अर्ध्या शतकाने.

सिझेरियन झालेल्या बायका हमखास विचारतात, ‘कमरेतून भूल देऊन नाही का होणार?’ नाही होत. त्या इंजेक्शनाने पोटापासून खालचे शरीर बधिर होते. दंडाच्या नसा मानेतून आणि छातीच्या वरच्या टोकातून निघतात. औषध तिथवर चढवले तर रक्तदाब कोसळतो आणि श्वास धोक्यात येतो. हाताच्या फ्रॅक्चरसाठी खांद्याजवळ देतात तो ब्लॉकही (नसांभोवती औषध सोडून हात बधिर करणे) इथे अपुरा पडतो. काखेजवळच्या आतल्या कातडीची संवेदना छातीच्या पातळीवरच्या दुसऱ्या (वक्षीय) मज्जातंतूतून येणारी नस वाहते. ती हाताच्या मुख्य नसाजालात नसल्यामुळे तिला वेगळे इंजेक्शन द्यावे लागते. शिवाय मानेजवळ दिलेल्या ब्लॉकने त्या बाजूचा श्वासपटल काही तास लुळा पडू शकतो. एका बाजूला हे निभते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी झाले तर श्वास घेणे कठीण होते.

जागा बधिर करण्याची मर्यादा साध्या गणितात आहे. ॲड्रेनलिन मिसळलेल्या लिग्नोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या नेहमीच्या औषधाची, कमाल मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या बाईला ४२० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाचे जेमतेम २१ मिली. एवढ्यात दोन अख्खे दंड बधिर होत नाहीत. म्हणून औषध सलाइनमध्ये पुष्कळ पातळ करून चरबीत भरतात. जेफ्री क्लाइन या त्वचारोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात लायपोसक्शनसाठी, म्हणजे चरबी शोषून काढण्यासाठी, मांडलेल्या या ट्यूमेसंट पद्धतीत कितीतरी जास्त मात्रा चालते आणि रक्तस्रावही कमी होतो. मात्र चरबीतले औषध सावकाश रक्तात उतरते आणि त्याची पातळी साधारण १२ तासांनी शिगेला पोहोचते, तोवर रुग्ण घरी गेलेला असू शकतो. ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव ही विषबाधेची पहिली लक्षणे. ती घरच्यांनाही सांगून ठेवायला हवीत.

काखेपुरता छोटा काप असेल, रुग्ण धडधाकट आणि शांत स्वभावाचा असेल, तर जागा बधिर करून, थोडी गुंगी देऊन काम छान होते. लांब काप, सोबत लायपोसक्शन किंवा भेदरलेला रुग्ण असेल तर पूर्ण भूल बरी. ‘पूर्ण भूल नको, फक्त झोपवा’ हा आग्रह जितका निरुपद्रवी वाटतो तितका नाही. गुंगी वाढवत नेली की जीभ मागे पडते, श्वास मंदावतो आणि श्वासमार्ग मात्र मोकळा राखलेला नसतो. अशा खोल गुंगीपेक्षा श्वासनलिकेत नळी घालून, मॉनिटरवर नजर ठेवून दिलेली पूर्ण भूल पुष्कळदा सुरक्षित ठरते. रात्री घोरताना श्वास अडकणाऱ्यांच्या बाबतीत तर हे नक्कीच खरे.

निवडीचा खरा पाया भुलीपूर्व तपासणीत, म्हणजे पीएसीत, घातला जातो. भूलतज्ज्ञ आधी तोंड उघडायला लावतात. गुटख्याने जबडा आखडलेल्याच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, तिथे नळी घालणे अवघड. ते आधी कळले तर दुर्बिणीची तयारी ठेवता येते. तंबाखू, सिगारेट, मिश्रीसुद्धा, निदान चार आठवडे आधी बंद करायला सांगतात, कारण निकोटिनने जखम भरत नाही. बेरियाट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या, शस्त्रक्रियेनंतर आणि शुद्ध शाकाहारी आहारात बी-१२ कमी असण्याची शक्यता असते. अशांना नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू टाळतात, कारण तो वायू उरलेसुरले बी-१२ही निकामी करतो. सेमाग्लुटाइडसारखी वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने जठर रिकामे व्हायला वेळ लावतात, तेव्हा ती चालू असल्याचे लपवू नये. ताम्हिणी घाटात गाडी लागते, हेही आवर्जून सांगावे: अशांना भुलीनंतर उलट्या जास्त होतात आणि वायूऐवजी शिरेतून भूल दिल्यास त्रास कमी होतो.

उपाशी राहण्याचा नियम भूल कोणतीही असो, पाळायचाच. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, हलका आहार सहा, तळकट आठ तास. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, त्याला सहा तासच. सकाळचा अर्धा कप चहा ‘तेवढ्याने काय होतंय’ म्हणून घेतला तर ऑपरेशन पुढे ढकलावे लागते.

टेबलावरही थोडी उलटापालट असते. दोन्ही दंड शस्त्रक्रियेत गुंतल्याने रक्तदाबाचा पट्टा पोटरीला बांधतात आणि सलाइन अनेकदा पायाला लावतात. बांगड्या, हिरवा चुडासुद्धा, आदल्या दिवशीच उतरवावा लागतो; हात सुजल्यावर तो निघत नाही. बोटातला ऑक्सिजन मोजणारा चिमटा नीट चालावा म्हणून नेलपॉलिश काढतात.

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा वगळलेली असते. खर्च खिशातून होत असल्याने ‘लोकलमध्ये’, म्हणजे नुसती जागा बधिर करून, ‘स्वस्तात करू’ हा मोह होतो. पण लिग्नोकेन जास्त झाल्यास लागणारे २० टक्क्यांचे लिपिड इमल्शन, ऑक्सिजन, हृदयाला विजेचा झटका देणारा डिफिब्रिलेटर आणि फक्त रुग्णाकडे पाहत बसणारा भूलतज्ज्ञ लोकलमध्येही लागतो. पूर्ण भूल किंवा गुंगीनंतर २४ तास गाडी चालवायची नाही. दंडाचे टाके सांभाळायचे असल्याने दुचाकी सर्जन परवानगी देईपर्यंत, म्हणजे बहुधा काही आठवडे, बंदच असते.