वीकली रनिंग टोटल: बेरीज कधीच सुटली, अडलाय तो आठवडा

पॉवर बीआयमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, वर्षाची चालू बेरीज (रनिंग टोटल) एका फंक्शनमध्ये येते, तिमाहीची येते, महिन्याची येते, मग आठवड्यानेच काय घोडं मारलं होतं? हा प्रश्न नवीन माणसाला हमखास पडतो.

बेरीज पुढे नेणं तसं जुनंच काम, रोजमेळाच्या वहीत पानाच्या शेवटी बेरीज मारून पुढच्या पानावर 'मागील पानावरून' लिहायचे तीच रनिंग टोटल. 1979 ला व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं तेव्हा स्क्रीनवरही तेच, वरच्या सेलमध्ये आजचा आकडा मिळवा आणि फॉर्म्युला खाली कॉपी करत जा. पण कंपन्यांचा डेटा गेला रिलेशनल डेटाबेसमध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या टेबलांमध्ये, आणि तिथे 'वरची ओळ' असं काही नसतंच, एडगर कॉडच्या 1970 च्या मॉडेलमध्ये टेबल म्हणजे नुसता सेट, ओळींना क्रमच नाही. मग लोक टेबल स्वतःशीच जॉइन करायचे (जोडायचे), म्हणजे प्रत्येक तारखेसाठी तिच्या आधीच्या सगळ्या तारखा परत मोजायच्या. 1 हजार ओळींना 5 लाखांवर जोड्या, 10 हजारांना 5 कोटी! नाहीतर कर्सर (ओळीमागून ओळ वाचायची सोय) लावून एकेक ओळ चालवा, रिपोर्ट लागला की खुशाल चहा पिऊन या.

सुटका केली विंडो फंक्शन्सनी, म्हणजे ओळींना क्रम देऊन आधीच्या ओळींसकट हिशोब करणाऱ्या फंक्शन्सनी. ओरॅकलने आपल्या डेटाबेसच्या 8आय आवृत्तीत ती आणली, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या एसक्यूएल:2003 या स्टँडर्डमध्ये ती बसली, पोस्टग्रेसमध्ये 2009 ला आली, मायएसक्यूएलवाल्यांना मात्र 2018 पर्यंत थांबावं लागलं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची गंमत अशी की 2005 मध्ये 'ओव्हर' (विंडो फंक्शनचा शब्द) दिलं पण 'सम' (बेरीज) सोबत 'ऑर्डर बाय' (क्रम लावणं) चालत नव्हतं, म्हणजे रनिंग टोटलसाठी जे लागतं नेमकं तेच नाही, ते 2012 ला मिळालं.

म्हणजे बेरजेचा प्रश्न मिटला. आठवड्याचा नाही मिटला, कारण महिने वर्षात बरोबर मावतात, आठवडे मावत नाहीत. आयएसओ 8601 (1988) हे तारखांचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड सांगतं की आठवडा सोमवारी सुरू आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्या आठवड्यात येतो तो आठवडा पहिला. त्यामुळे 30 डिसेंबर 2024 हा दिवस 2025 च्या पहिल्या आठवड्यात जातो, आणि 2020 ला, 2026 ला आठवडे 53. अमेरिकन पद्धतीत आठवडा रविवारी सुरू आणि 1 जानेवारी कुठल्याही वारी असो, तो पहिल्याच आठवड्यात. आपल्याकडे आर्थिक वर्ष एप्रिलपासून, मग पहिला आठवडा कुठला हे ज्याने त्याने ठरवायचं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो आयएसओ आठवड्याला साधं कॅलेंडर वर्ष जोडल्यावर, मग डिसेंबर 2024 च्या शेवटच्या 2 दिवसांची विक्री 2024 च्या पहिल्या आठवड्यात जाऊन बसते आणि तिथपासून पुढची सगळी बेरीज फुगलेली, वर चार्ट दिसतो मस्त त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

2010 ला एक्सेलच्या पॉवरपिव्हट या जोडणीबरोबर डॅक्स आलं, ही पुढे पॉवर बीआयमध्येही वापरलेली फॉर्म्युल्यांची भाषा; त्यात टोटलवायटीडी, टोटलक्यूटीडी, टोटलएमटीडी (वर्षाची, तिमाहीची, महिन्याची आजपर्यंतची बेरीज) होती, आठवड्याचं नव्हतं. आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या एमडीएक्स या मायक्रोसॉफ्टच्या क्वेरी भाषेत डब्ल्यूटीडी (आठवड्याची आजपर्यंतची) होतं! कारण तिथे टाइम डायमेन्शनमध्ये (वर्ष, महिना, आठवडा, दिवस अशा पायऱ्यांच्या रचनेत) आठवड्याची लेव्हल कुठली हे मॉडेल करणाराच सांगायचा, डॅक्सने मात्र साधं जानेवारी-डिसेंबर कॅलेंडर गृहीत धरलं (फार तर वर्षअखेरीची तारीख बदलता येते). म्हणून मग डेट टेबलमध्ये (तारखांच्या टेबलात) 202501 असा वर्ष-आठवडा कॉलम बनवायचा, फिल्टर काढायचा आणि त्याच आठवड्यातल्या आजपर्यंतच्या तारखा परत लावायच्या, हा जुगाड वर्षानुवर्षं चालला.

सप्टेंबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिव्ह्यू म्हणून नवीन कॅलेंडर सोय दिली, त्यात टोटलडब्ल्यूटीडी आहे आणि वर्षाचा कॉलम कुठला, आठवड्याचा कुठला हे आपण सांगायचं. म्हणजे फिरून एमडीएक्सच्याच वाटेवर. फक्त ते कॉलम भरताना आठवडा सोमवारी की रविवारी हे सेल्स आणि फायनान्सवाल्यांकडून आधी लिहून घ्या, कारण दोघांची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात.