बाळंतपणानंतरची घरची सेवा: फोन डोहाळजेवणानंतर करा, पाचवीपर्यंत थांबू नका

आम्ही नाशिकमध्ये बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाची काळजी घेणाऱ्या नर्स. आम्हाला येणारे बरेचसे फोन बाळाच्या चौथ्या नाहीतर पाचव्या दिवशीचे असतात. "ताई, बाळ अंगावर घेतच नाही. दूधच नाही वाटतं. आज येता का?" मागे बाळ रडत असतं, घरात पाचवीच्या पूजेची गडबड चालू असते, बाळंतीण दोन रात्री झोपलेली नसते. आम्ही येतोच. पण त्या दिवशी पहिल्या भेटीलाच दोन-अडीच तास लागतात आणि पुढे गाडी रुळावर यायला आठ-दहा दिवस जातात. तेच सातव्या-आठव्या महिन्यात तासाभराच्या भेटीत बरंच सोपं होतं.

पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. पिवळसर, घट्ट, थेंबाथेंबाने येणारा. बाळाला तेवढाच पुरतो, कारण पहिल्या दिवशी त्याच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. घरच्यांना मात्र वाटतं, दूध आलंच नाही. मग कुणीतरी बाटली आणतं. वरच्या दुधाने पोट भरलं की बाळ ओढत नाही, आणि बाळाने ओढलं नाही तर दूध वाढत नाही. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात पान्हा फुटतो, सिझर असेल तर कधी थोडा उशिरा. छाती दगडासारखी होते, स्तनाग्र ताणून चपटं होतं आणि बाळाला ते तोंडात धरताच येत नाही. आई रडते, बाळ रडतं, पुन्हा बाटली. आम्हाला फोन येतो तो इथे.

यात दूध कमी असण्याचा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. बाळाला नीट धरलेलं नसतं. नुसतं स्तनाग्र तोंडात दिलं तर भेगा पडतात. भोवतालचा काळा भागही बराचसा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. हे फोनवर सांगून जमत नाही. आधी बाहुलीवर हात बसलेला असला तर दवाखान्यात पहिल्या तासातच जमून जातं.

म्हणून ओटी भरून झाली की त्याच आठवड्यात आम्हाला बोलवा. आपल्याकडे मुली सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येतात, नाव आधी पुण्यात किंवा मुंबईत घातलेलं असतं, फाइल अर्धी तिकडे राहते. ती सगळी मागवून घ्या. आम्ही रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर बघतो. जुन्या टाक्यांबद्दल, आधीच्या बाळंतपणाबद्दल विचारतो. दवाखान्यात काय मागायचं ते लिहून देतो: बाळ जन्मताच आईच्या छातीवर, पहिल्या तासात अंगावर, पहिली अंघोळ निदान चोवीस तासांनी. या भेटीला मुलीची आई आणि सासूबाई दोघींनी बसावं असा आमचा आग्रह असतो. सासूबाई दूर असतील तर व्हिडिओ कॉल चालेल. चौथ्या रात्री अडीच वाजता बाटली द्यायची की नाही हे एकटी मुलगी ठरवत नाही, त्या वेळी खोलीत असलेली मोठी माणसं ठरवतात.

"बाळ अजून झालं नाही, मग पैसे कशाचे?" हे आम्हाला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. ही भेट आमच्या सव्वा महिन्याच्या सेवेतच धरलेली आहे, वेगळे पैसे नाहीत. फक्त तेवढीच भेट हवी असेल तरीही देतो.

दुसरा प्रश्न मालीशवाल्या मावशींचा. त्यांच्या हाताला गुण असतो, आमच्या बऱ्याच घरांत त्या आणि आम्ही दोघीही येतो. पण टाके बघणं, गर्भाशय आवळत आहे का हे पोटावर हात ठेवून पाहणं, रक्तदाब मोजणं, बाळाचं वजन आणि कावीळ बघणं हे शिक्षणाचं काम आहे. आम्ही बाळाच्या नाका-कानात तेल घालत नाही, नाळेला काही लावत नाही, मध चाटवत नाही, घुटीही देत नाही. आजीबाईंना वाईट वाटतं, ते आम्हाला कळतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी जरूर द्या. धुरी मात्र दारं-खिडक्या लावून नको, निखाऱ्याचा वायू दिसत नाही आणि बाळ-बाळंतीण दोघांनाही घातक असतो.

घरी येऊन बाळ बघण्याची ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातच घासूनपुसून सिद्ध झालेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली. तिथे बालमृत्यू किती घटले ते १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई तशाच घरभेटी देऊ लागल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. त्या फुकट आहेत. आम्हाला बोलावलं म्हणून त्यांना परत पाठवू नका.

आम्ही घरी बाळंतपण करत नाही. ते दवाखान्यातच व्हावं. माझी आजी सिन्नरकडच्या गावात सुईण होती, तिच्या हातून पुष्कळ बाळं झाली, आणि रक्तस्राव थांबेना तेव्हा बैलगाडीत बसून वाट बघणं काय असतं हे तिनेच मला सांगितलं. म्हणून मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं आणि आधी नऊ वर्षं लेबर रूममध्ये काढली.

मुलींच्या आया विचारतात म्हणून थोडं या शिक्षणाबद्दल. एएनएम (सहायक नर्सचा कोर्स) दोन वर्षांचं, जीएनएम तीन, बीएस्सी नर्सिंग चार. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हवीच, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकीची आहे, मागितली तर दाखवतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरीची (प्रसूतीसेवेची) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अनुभवी नर्ससाठी दीड वर्षाचं खास प्रशिक्षण आहे. ज्या मुलीला रात्री तीन वाजता कळा देणाऱ्या बाईचा हात धरून शांत बसता येतं, तिने हे जरूर शिकावं. पुस्तकातला भाग मेहनतीने येतो.

काही वेळा आमची वाट बघायची नाही, सरळ दवाखाना किंवा १०८. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं, सडकून डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी (बाळंतपणानंतरही रक्तदाब चढतो), ताप, घाण वासाचा स्राव, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं. बाळ दूध ओढेनासं झालं, अंग गार किंवा तापलेलं लागलं, श्वास घेताना छाती आत खेचली जात असेल, पहिल्या चोवीस तासांत पिवळं पडलं किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले तरीही तसंच.

पाचव्या दिवसानंतर बाळाने दिवसभरात सहा किंवा जास्त लंगोट ओले केले तर दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. आमचा काटा सोबत असतो.

इंदिरानगर, सिडको, पंचवटी, गंगापूर रोड, नाशिक रोड, देवळाली इथे आम्ही रोज असतो. सिन्नर, ओझर, दिंडोरीसाठी एक दिवस आधी सांगा. नंबर मागच्या पानावर आहे. बाळ झाल्यावरच्या पहिल्या भेटीला फाइल, बाळाचं डिस्चार्ज कार्ड आणि एक मऊ उशी हाताशी ठेवा. आणि आम्ही येण्याआधी बाळाला बाटली देऊ नका, थोडं भुकेलं पण शांत बाळ नीट शिकतं. पण ते भुकेने फार रडत असेल तर थांबू नका, दूध पिळून वाटी-चमच्याने पाजा आणि आम्हाला कळवा. मलूल वाटत असेल तर मात्र सरळ दवाखाना.