पाटी सोडा, आधी रेडिएटर मोजा

बॉस्टनला भाच्याने शंभर वर्षांचं घर घेतलं आणि पहिल्याच हिवाळ्यात तळघरातला, वाफेने घर तापवणारा बॉयलर गळायला लागला. प्लंबरने जुन्या बॉयलरवरची पाटी वाचली: ताशी २,००,००० बीटीयू (बीटीयू म्हणजे उष्णतेचं एक माप). तेवढाच नवा बसवू म्हणाला. भाच्याने फोटो पाठवला, "मामा, बरोबर आहे ना?"

नाही. गरम पाणी फिरवून घर तापवायचं असेल, तर घरातून किती उष्णता बाहेर जाते त्यावर बॉयलर ठरतो. वाफेचं तसं नसतं.

मोदकपात्राचं झाकण काढताना वाफ लागली की उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का पोळतं? १०० अंशांचं एक ग्रॅम पाणी अंगाइतकं निवेपर्यंत ६३ कॅलरी देतं. एक ग्रॅम वाफ नुसतं पाणी होतानाच ५४० देऊन मोकळी होते. हाच अप्रकट उष्मा. वाफ आधी रेडिएटरमधली, म्हणजे खोली तापवणाऱ्या बिडाच्या पोकळ संचातली, हवा झडपेतून फुस्स करून बाहेर ढकलते, मग थंड बिडाला टेकून तिचं पाणी होतं आणि आकारमान सुमारे १७०० पटींनी आक्रसतं. त्या मोकळ्या जागेत मागची वाफ धावते. पंप लागतच नाही! घराला गरज असो-नसो, बीड वाफ गिळत राहतं. बॉयलर लहान पडला तर जवळचे रेडिएटरच सगळी वाफ फस्त करतात आणि टोकाची खोली गार राहते. मोठा असला तर दाब चढतो, बर्नर सारखा बंद-चालू होतो.

म्हणून बीड मोजायचं. ३८ इंच उंचीच्या तीन कॉलमवाल्या (तीन उभ्या नळ्यांच्या) रेडिएटरच्या एका सेक्शनचा, म्हणजे जोडलेल्या एका तुकड्याचा, उष्णता देणारा पृष्ठभाग ५ चौरस फूट धरतात. दहा सेक्शन म्हणजे ५०. दर चौरस फुटाला ताशी २४० बीटीयू, म्हणजे साधारण ७० वॅट. असा एक रेडिएटर तासाला साडेपाच लिटर पाणी परत पाठवतो. भाच्याकडची बेरीज ३५० भरली: ८४,००० बीटीयू. पाइप तापवायला वर एक तृतीयांश: १,१२,०००. मात्र नव्या बॉयलरच्या पाटीवर वाफेचे चौरस फूट लिहिलेले असतील, तर त्यात ही भर आधीच धरलेली असते. ती पुन्हा मिळवू नये.

रात्री पाइपांतून ठोके येतात म्हणून भाच्याची बायको घाबरली होती. भूतबीत काही नाही. पाइपचा ढाळ बिघडला की पाणी साचतं, वाफ ते उचलून कोपऱ्यावर आपटते.

आणि पाटीवरचे २,००,०००? काल दोन खोल्यांत फरशीतून वर आलेली, बूच मारलेली पाइपांची तोंडं सापडली. तिथले रेडिएटर कुणीतरी कधीच काढून नेलेत.