गणेशखिंडीतलं विद्यापीठ

औंधकडून येणाऱ्या बसमध्ये कंडक्टर नुसतं ‘विद्यापीठ’ म्हणतो आणि अर्धी बस उठते. पुण्यात कुणालाच पुढचं-मागचं काही सांगावं लागत नाही. पण या चार अक्षरांत तीन वेगवेगळी वयं दडलेली आहेत. इमारत 1871ची, संस्था 1949ची आणि ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव 2014चं.

सगळ्यात जुनी इमारत, म्हणून तिच्यापासून सुरुवात. पावसाळा आला की मुंबईचा गव्हर्नर पुण्याला मुक्काम हलवायचा. त्याला साजेसा बंगला हवा म्हणून सर बार्टल फ्रियरने 1864मध्ये गणेशखिंडीत काम काढलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, सरकारचाही हात सैल होता. पुढच्याच वर्षी युद्ध थांबलं, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांची दिवाळी निघाली. बंगल्याचं काम मात्र चालूच राहिलं. ते पुरं झालं 1871मध्ये, फ्रियर गव्हर्नरपदावरून गेल्यानंतर. जेम्स ट्रबशॉने आखलेल्या या वास्तूच्या उंच मनोऱ्याचं आज कौतुक होतं. त्या काळी उधळपट्टी म्हणून फ्रियरवर टीकाच जास्त झाली.

22 जून 1897च्या रात्री याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी होती. शहरात प्लेगने माणसं मेली होती, आणि प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घरांत शिरून जो धिंगाणा घातला, त्याचा संताप निवलेला नव्हता. मेजवानी आटोपून परतणाऱ्या प्लेग कमिशनर रँडच्या बग्गीमागे दामोदर चापेकर धावला, ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची आरोळी उठली आणि गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या सुटल्या. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी.

हा प्रसंग पाठ्यपुस्तकामुळे सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या जेमतेम साडेतीन महिने आधीची तारीख त्याच्या शेजारी ठेवून कुणी बघत नाही. 10 मार्च 1897 रोजी, त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई गेल्या. आज कमानीवर नाव त्यांचं आणि आत बंगला लाटसाहेबाचा. 2014मध्ये नामविस्तार झाला तेव्हा चर्चा झाली ती 1848च्या भिडे वाड्यातल्या मुलींच्या शाळेची, आणि ते योग्यच होतं. पण या जागेशी सावित्रीबाईंचा खरा धागा प्लेगच्या त्या वर्षात आहे, असं मला तरी वाटतं.

आता संस्थेकडे. 1857मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, आणि पुण्यातली डेक्कन, फर्ग्युसन, स. प. ही नामांकित कॉलेजं मुंबईच्या परीक्षा देत राहिली. महाराष्ट्राला स्वतःचं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी. तिच्या विचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेरांच्या सरकारने 1948मध्ये कायदा केला, 10 फेब्रुवारी 1949 रोजी विद्यापीठ स्थापन झालं आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. पहिली कचेरी भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये थाटली होती. पुढे गणेशखिंडीतला बंगला आणि भोवतालची 411 एकर जागा मिळाली. स्थापनेच्या वेळी संलग्न कॉलेजं 18, विद्यार्थी आठ हजारांच्या वर आणि कार्यक्षेत्र तब्बल बारा जिल्ह्यांचं. 1962मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं, 1990मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. शेवटी पुणे, नगर आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले.

संशोधनाचा पाया सुरुवातीच्या विभागांनी घातला. संख्याशास्त्रात हुजूरबाजार, संस्कृतात रा. ना. दांडेकर, वनस्पतिशास्त्रात महाबळे अशी माणसं होती. दांडेकरांच्या हाताखाली 1964मध्ये संस्कृतचं प्रगत अध्ययन केंद्र सुरू झालं. जागा ऐसपैस असल्याचा फायदा पुढे दिसला. 1988मध्ये जयंत नारळीकरांनी ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारली ती याच आवारात. चार्ल्स कोरियांनी आखलेल्या तिच्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आईनस्टाईन यांचे पुतळे आहेत. आवारातच असलेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेत ‘परम’ महासंगणक घडला. नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा कारभार बघणारी राष्ट्रीय संस्थाही शेजारीच. या संस्था विद्यापीठाच्या मालकीच्या नाहीत, पण बाहेरून येणाऱ्याला सगळं मिळून ‘विद्यापीठ’च वाटतं.

खरं तर इथे दोन विद्यापीठं एका कुंपणात नांदतात. एक वडाच्या सावल्यांचं: पीएच.डी.ची मुलं, प्रयोगशाळा, वसतिगृहं, रिफेक्टरीतलं जेवण, ललित कला केंद्राच्या तालमी, ‘कमवा आणि शिका’ योजनेत बागेत नाहीतर कचेरीत तासाच्या हिशोबाने काम करून मेसचे पैसे उभे करणारी खेड्यापाड्यांतली पोरं. दुसरं परीक्षा विभागाचं: शेकडो संलग्न कॉलेजांतल्या लाखो विद्यार्थ्यांचे पेपर, निकाल, फेरतपासणी, पदवी प्रमाणपत्रं. मनमाडच्या किंवा संगमनेरच्या मुलाला विद्यापीठ भेटतं ते गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यातून. मनोरा तो पहिल्यांदा बघतो तो बहुधा एखादा कागद काढायला आल्यावर. कुलगुरू कितीही मोठा संशोधक असो, निकाल लांबले की वर्तमानपत्रात बातमी त्याचीच होते. ‘यः क्रियावान् स पण्डितः’ हे बोधवाक्य दोघांनाही लागू पडतं, पण पहिल्या विद्यापीठाचा बराचसा वेळ आणि बळ दुसरं खातं. कायद्यानेच दोन्ही कामं एकाच्या गळ्यात घातली आहेत.

जयकर ग्रंथालयाच्या आसपास आता तिसरीही गर्दी दिसते. यांची पदवी कधीच झालेली असते, आणि तयारी चालू असते ती एमपीएससीची. जागा धरायला टेबलावर रजिस्टर आणि पाण्याची बाटली ठेवून जायचं, झाडाखाली उभ्याउभ्या चालू घडामोडी घोकायच्या, चहाचे पैसे आळीपाळीने द्यायचे. बारा जिल्हे कागदावरून केव्हाच गेले; या झाडाखाली मात्र सोलापूर, जळगाव, सांगली अजून एकत्र बसलेले असतात.