दंतवैद्यकातील व्यावसायिक मूल्यांचे मापन

दंतवैद्य आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी व्यवसायात कशाला किती महत्त्व देतात, हे प्रश्नावली किंवा प्रसंगचाचणीने तपासण्याची पद्धत. अमेरिकी तत्त्वज्ञ डेव्हिड ओझर यांनी यासाठी उपयोगी पडणारी सहा मूल्यांची उतरंड मांडली : रुग्णाचे जीवित व सर्वसाधारण आरोग्य, मौखिक आरोग्य, रुग्णाची स्वायत्तता, दंतवैद्याच्या पसंतीची कार्यपद्धती, सौंदर्य आणि साधनांचा काटकसरीने वापर.

प्रश्नावलीत विधाने देऊन ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच पायऱ्यांवर खूण करायला सांगतात. सगळी मेख विधानांच्या शब्दांत असते. ‘रुग्णाचे हित सर्वांत आधी’ याला बहुतेक सगळेच पूर्ण सहमत होतात. मग माणसामाणसांतला फरक दिसत नाही आणि विधान वाया जाते. त्याऐवजी खरा पेच द्यावा : सत्र संपायला आठवडा उरला आहे, कोट्यातल्या (विद्यार्थ्याने सत्रात पूर्ण करायच्या ठरावीक केसेसपैकी) दात काढण्याच्या दोन केसेस बाकी आहेत, समोरच्या रुग्णाची दाढ रूट कॅनॉलने वाचेल, पण तो म्हणतो, ‘काढूनच टाका.’ इथे रुग्णाची इच्छा आणि विद्यार्थ्याचा फायदा एकाच बाजूला आहेत. त्यामुळे नुसता निर्णय पुरत नाही, कारणही विचारावे लागते.

मराठीत भाषांतर करताना ‘स्वायत्तता’ हा शब्द टाळून ‘कोणता उपचार घ्यायचा हे रुग्णानेच ठरवावे’ असे सरळ लिहावे. दुहेरी नकार टाळावा. दहा-पंधरा जणांना विधान वाचून अर्थ सांगायला लावला की गफलती लगेच सापडतात. मुख्य पाहणीत दर विधानामागे किमान ५ ते १० उत्तरे धरतात, मग घटक विश्लेषण करतात, म्हणजे कोणती विधाने एकत्र जुळून एकच मूल्य मोजतात ते आकडेवारीने पाहतात. प्रत्येक घटकाचा क्रॉनबाख अल्फा (त्यातली विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) ०.७ च्या वर हवा, ०.९५ च्याही वर गेला, तर एकच गोष्ट शब्द बदलून विचारली असण्याची शक्यता असते.

मिनेसोटा विद्यापीठात विकसित झालेल्या नैतिक संवेदनशीलता चाचणीत विद्यार्थी ध्वनिमुद्रित प्रसंग ऐकून दंतवैद्याच्या भूमिकेतून उत्तर देतो. पाठ केलेली उत्तरे इथे फारशी चालत नाहीत, मात्र गुणांकनाला प्रशिक्षित परीक्षक आणि भरपूर वेळ लागतो.

कोट्याच्या वहीवर सही करणाऱ्या शिक्षकाने भरलेल्या प्रश्नावल्या कधीही गोळा करू नयेत. रोल नंबर नको. विद्यार्थ्याने स्वतः बनवलेला सांकेतिक क्रमांक पुरतो. पहिले वर्ष आणि इंटर्न यांची एकाच दिवशी तुलना केली, तर फरक शिक्षणाचा की बॅचचा हे कळत नाही. त्यासाठी तीच बॅच बीडीएस या दंतवैद्यक पदवीच्या चार वर्षांत आणि इंटर्नशिपमध्ये पुन्हा तपासावी लागते.