बॉल स्क्रूचा खेळ नटातून ब्लॉकमध्ये कसा आला

भोसरीतल्या एखाद्या शॉपमध्ये सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) माप चुकायला लागलं की पहिला संशय बॉल स्क्रूच्या नटावर जातो: टेबल सरकवणाऱ्या, गोळ्यांवर चालणाऱ्या या स्क्रूच्या नटात खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला असेल. ही खोड जुन्या मशीनवरची आहे.

एमआयडीसी (राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ) 1962 सालची. त्यानंतर पिंपरी-चिंचवड पट्ट्यात जी वर्कशॉप वाढली, तिथे सुरुवातीला राज्य साध्या लेथ-मिलिंगचं. स्क्रूला चौकोनी किंवा ट्रॅपेझॉइडल आटे, त्यावर गनमेटलचा नट. तो झिजणारच. ऑपरेटर खेळ ओळखून असायचा आणि माप नेहमी एकाच बाजूने गाठायचा. टोकाच्या बेअरिंगमधला लूजपणा त्यातच खपून जायचा.

बॉल स्क्रूची अमेरिकन पेटंट 1898 ची, पण तो गाजला 1940 च्या दशकात, मोटारींच्या स्टिअरिंगमध्ये. 1952 मध्ये एमआयटी या अमेरिकन संस्थेने भोकं पाडलेल्या टेपवरच्या सूचनांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. टेपला कुठला आलाय हाताचा अंदाज? दिशा बदलताना खेळ चालेना, म्हणून नटालाच प्रीलोड (खेळ राहू नये म्हणून आधीच दिलेला दाब) आला. नट घट्ट झाल्यावर सगळी भिस्त स्क्रूला टोकांना धरणाऱ्या बेअरिंगच्या ब्लॉकवर आली.

फिक्स्ड बाजूला, म्हणजे जिथे स्क्रू पक्का धरलेला असतो तिथे, अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (स्क्रूच्या लांबीच्या दिशेचा जोरही पेलणाऱ्या) जोडी असते, दुसऱ्या टोकाला साधं बेअरिंग, तेही सरकायला मोकळं. एक मीटर स्क्रू पाच अंश तापला तर 55 ते 60 मायक्रॉन लांबतो. ही वाढ कुठे जाणार? प्रीटेन्शनची (स्क्रू आधीच ताणून बसवलेली) मशीन सोडली, तर दोन्ही टोकं आवळणं म्हणजे बेअरिंग जाळणं.

फिक्स्ड बाजूचे तयार बीके किंवा एफके ब्लॉक प्रीलोड बसवून, ग्रीस भरूनच येतात. तरी जुन्या हाताच्या फिटरला ते उघडून शिम (पातळ पत्र्याची चकती) घालायची सुरसुरी येते. तसं करू नये. आधी डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं गेज) लावा. स्क्रूच्या टोकाच्या सेंटरच्या खड्ड्यात ग्रीसने स्टीलची गोळी चिकटवायची, तिच्यावर डायलची सपाट टीप टेकवायची आणि टेबल थोडं पुढे-मागे करायचं. दिशा बदलताना काटा उडी मारत असेल तर खेळ ब्लॉकमध्ये. गोळीवर काटा गप्प आणि टेबलावर मात्र फरक, तर नट किंवा कपलिंग (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) बघा.

ब्लॉकमध्ये खेळ सापडला तर बऱ्याचदा लॉकनटच (बेअरिंग आवळून धरणारा नट) ढिला असतो. ग्रब स्क्रू (लॉकनट अडकवून ठेवणारा छोटा स्क्रू) सोडा, लॉकनट कंपनीने दिलेल्या टॉर्कला आवळा, ग्रब परत बसवा. कपलिंग सोडून स्क्रू हाताने फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग गेलेली आहे. मग आवळून उपयोग नाही, जोडीच बदलायची.