‘एरागॉन’विषयी वाचकांत दोन तट का पडले: पार्श्वभूमी

क्रिस्टोफर पाओलिनी यांची ‘एरागॉन’ ही किशोरांसाठीची ड्रॅगन-कादंबरी नॉफ या मोठ्या प्रकाशनसंस्थेने २००३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणली, आणि तेव्हापासून तिच्याविषयी वाचकांत जे दोन तट पडले ते आजही कायम आहेत. एक तट म्हणतो की बाराव्या-तेराव्या वर्षी या पुस्तकाने जसे वेड लावले तसे दुसऱ्या कोणत्याही पुस्तकाने लावले नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की यातले जवळजवळ सगळे कोठून ना कोठून उचललेले आहे. सांगली, मिरज, सातारा, कराड या गावांत इंग्रजी वाचणारी जी मुले आहेत त्यांच्यात, आणि ज्यांनी हे पुस्तक शाळेत असताना वाचले व जे आता तिशीत आहेत त्यांच्यातही, हीच विभागणी आढळते. एकाच घरातली दोन भावंडे या पुस्तकावरून हिरिरीने वाद घालतात. हा वाद आवडीनिवडीचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही, कारण आधी सांगून झालेल्या गोष्टींतून नवी गोष्ट रचली तर तिचे मोल कशावरून ठरवायचे, हा त्यामागचा प्रश्न जुना आहे, आणि सांगलीपुरते बोलायचे तर तो घरचाच आहे.

पाओलिनी यांचा जन्म १९८३ चा. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात, डोंगरांनी वेढलेल्या पॅरडाइज व्हॅलीत ते वाढले, त्यांचे शिक्षण घरीच झाले आणि पंधराव्या वर्षी शालेय अभ्यासक्रम संपल्यावर त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. पहिली आवृत्ती २००२ मध्ये घरच्यांनीच काढली. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळाही लेखकाने स्वतः रेखाटलेला होता. वाचनालये, शाळा आणि पुस्तकांची दुकाने पालथी घालत, मध्ययुगीन थाटाचा पोशाख करून, हा मुलगा स्वतःचे पुस्तक लोकांपुढे मांडत असे. त्याच सुमारास कादंबरीकार कार्ल हायासन सुट्टीसाठी मोंटानात असताना त्यांच्या सावत्र मुलाच्या हाती एक प्रत लागली, त्याला ती अतिशय आवडली, हायासन यांनी ती गोष्ट नॉफच्या कानावर घातली आणि नव्याने संपादन होऊन पुस्तक जगभर गेले. पुढे २००५ मध्ये ‘एल्डेस्ट’, २००८ मध्ये ‘ब्रिसिंगर’ आणि २०११ मध्ये ‘इनहेरिटन्स’ हे भाग आले. मुळात तीन भागांत संपणार असलेली कथा चार भागांपर्यंत लांबली, आणि तिचा पसारा आवरता आला नाही ही तक्रार करणाऱ्यांना त्यामुळे आणखी एक कारण मिळाले.

लेखकाचे वय हा या पुस्तकाच्या प्रसिद्धीचा फार मोठा भाग होता आणि वादाची पहिली ठिणगी तेथेच पडली असे मला वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाने लिहिले म्हणून कौतुक करणारे आणि पंधरा वर्षांच्या मुलाचे लिखाण वाटते म्हणून नाके मुरडणारे, असे दोघेही खरे तर पुस्तकापेक्षा लेखकाकडेच पाहत होते. तरीही लहान शहरातल्या वाचकाला या वयाचे जे अप्रूप वाटले ते मी क्षुल्लक मानत नाही. न्यूयॉर्कमध्ये कोणाची ओळख नसलेल्या, एका दरीत राहणाऱ्या मुलाने पुस्तक लिहिले आणि ते आपल्यापर्यंत पोचले, ही हकीकत विट्याच्या किंवा वाईच्या एखाद्या मुलीला वही उघडून लिहायला बसवू शकते, आणि पुस्तकाच्या गुणदोषांइतकेच हेही त्याच्या इतिहासात धरले पाहिजे.

आता उचलेगिरीच्या आरोपाकडे वळू. कार्वाहॉल नावाच्या खेड्यातला, मामाच्या शेतावर राबणारा एरागॉन डोंगरात शिकारीला गेलेला असताना त्याला निळ्या रंगाचा एक गुळगुळीत दगड सापडतो. तो दगड म्हणजे अंडे निघते आणि त्यातून सफिरा ही ड्रॅगन जन्मते. राजाचे हस्तक मामाला मारतात. गावात गोष्टी सांगणारा म्हातारा ब्रॉम त्याला तलवार आणि मंत्रविद्या शिकवतो, आणि तो कोण आहे हे मागाहून उलगडते. पुढे गुरूचा मृत्यू, कैदेतल्या राजकन्येची सुटका, बंडखोरांचा डोंगरातला तळ आणि तेथील निर्णायक लढाई असा क्रम आहे. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट ज्याने पाहिला आहे त्याला हा सांगाडा ओळखीचा वाटतो. मामाच्या शेतापासून गुरूच्या मृत्यूपर्यंत घटना जवळपास त्याच क्रमाने येतात, आणि दुसऱ्या भागाच्या शेवटी पितृत्वाचा जो गौप्यस्फोट होतो त्यामुळे शंकेला जागाच उरत नाही. एल्फ आणि बुटके, त्यांच्या भाषा, पुस्तकाच्या आरंभीचा नकाशा हे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्किन यांच्याकडून आले, आणि खऱ्या नावांवर चालणारी, जिच्यात खोटे बोलता येत नाही अशी प्राचीन भाषा उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मुळे वाचकांच्या परिचयाची झालेली होती.

राहिला ड्रॅगन. त्याची वंशावळ मात्र आरोप करणारे सांगतात त्यापेक्षा लांबलचक आहे. युरोपच्या जुन्या कथांत ड्रॅगन हा मारण्यासाठीच असे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्याचा नायक ड्रॅगनशी लढताना प्राण सोडतो आणि संत जॉर्जची सारी कीर्ती ड्रॅगन मारल्याची. केनेथ ग्रॅहम यांनी १८९८ मध्ये लढायची मुळीच इच्छा नसलेला, कवितेत रमणारा ड्रॅगन रंगवला तो मुलांच्या गोष्टीत. टोल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’मधला स्मॉग बुद्धिमान आणि बोलका आहे, पण तो शत्रूच आहे. १९६८ मध्ये अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या ‘ड्रॅगनफ्लाइट’ने पारडे फिरवले. तिच्यात अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू आपला स्वार स्वतः निवडते आणि दोघांची मने जन्मभरासाठी जोडली जातात. ‘ड्रॅगनफ्लाइट’ ज्या मालिकेतली आहे तिच्या पहिल्या कथेसाठी मॅकॅफ्री यांना विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि ललित लेखनासाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. सफिरा आणि एरागॉन यांचे नाते थेट या परंपरेतले आहे. ब्रूस कोव्हिल यांच्या १९९१ च्या एका बालकादंबरीतल्या मुलाला ड्रॅगनचे अंडे मिळते, आणि आपल्याला कल्पना सुचली ती तेथून, हे पाओलिनी यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितलेले आहे. जो ऋण कबूल करतो त्याला चोर म्हणणे मला मान्य नाही.

ड्रॅगन मित्र होणे ही पश्चिमेकडच्या वाचकाला एक उलथापालथ होती. सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला ती तेवढी जाणवत नाही, याचे कारण शिराळ्याची नागपंचमी असावे. गोरक्षनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या स्त्रीला जिवंत नागाच्या पूजेचा मार्ग दाखवला अशी तिथली आख्यायिका. पुढे न्यायालयाने आणि वन्यजीव कायद्याने नाग पकडण्यावर बंधने घातली, तरी ज्याचे भय वाटते त्यालाच भाऊ मानण्याची भावना त्या मुलखात मुरलेली आहे. सफिरा घरच्यासारखी वाटायला येथल्या मुलांना वेळ लागत नाही, आणि पुस्तकाची कडक निंदा करणारेही तिच्याविषयी बोलताना सहसा मऊ होतात.

आता सांगलीच्या जुन्या प्रश्नाकडे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटकाचा आरंभ झाला. त्या प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला कथेचा शेवट आधीच ठाऊक होता. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून भाव्यांनी रचनेचा धडा घेतला होता, आणि नवे होते ते उभे करण्याची रीत, सूत्रधाराची पदे, आरडाओरडा करत प्रवेश करणारे राक्षस. आपल्याकडे श्रीधरांचे ‘रामविजय’ किंवा मोरोपंतांचे ‘आर्याभारत’ ऐकणाऱ्यांनी ही कथा पूर्वी कोणी सांगितली आहे अशी हरकत कधी घेतली नाही. सुमारे वीस वर्षांतच मात्र इंग्रजी शिकलेल्या वर्गाला हेच खेळ ओबडधोबड वाटू लागले. राक्षसांच्या आरोळीवरून त्यांना ‘अललडुर्र’ नाटके असे हिणवण्यात आले आणि लिखित, ऐतिहासिक, ‘बुकिश’ नाटकांना मान मिळाला. कादंबरीतही तसेच घडले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली, नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’त तर आकाशातून जाणारे विमान होते, आणि वाचक त्यांवर लुब्ध होते, १८९० मध्ये हरी नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो’ प्रसिद्ध झाल्यानंतर प्रतिष्ठा वास्तवाकडे गेली ती बहुतांशी कायमची. ज्यांनी १८९८ मध्ये वाईहून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला त्या वि. का. राजवाड्यांनीही १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या दोन प्रकारांचा गंभीरपणे विचार केला आहे. जुन्या अद्भुत कादंबऱ्या आता शतकभर जुन्या वाचनालयांतच भेटण्याची शक्यता, आणि त्यांतल्या सांगली नगर वाचनालयाचे हजारो ग्रंथ २०१९ च्या महापुरात गेले; अशा पुरात वाचनाच्या परंपरेचे काय वाहून जाते याची मोजदाद कोणी केलेली नाही.

या पार्श्वभूमीमुळे आपल्याकडे ‘एरागॉन’ला विरोध करणारे प्रत्यक्षात दोन निराळे गट आहेत, आणि चर्चेत ते एकमेकांत मिसळून जातात. पहिल्या गटाने टोल्किन, ले ग्विन वाचलेले असतात आणि त्याला नक्कल खुपते. दुसरा गट वडीलधाऱ्यांचा. अण्णाभाऊ साठ्यांचे वाटेगाव आणि व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळ ज्या जिल्ह्यात आहे, तेथे मातीतून आलेल्या लेखनाविषयी अभिमान असणे रास्तच आहे. पण त्या अभिमानापोटी मुलाच्या हातातले ड्रॅगनचे पुस्तक वेळेचा अपव्यय ठरते. ही हरकत पाओलिनींवर नसून अद्भुतावरच आहे, आणि तिला उत्तर देताना पुस्तकाच्या मौलिकतेची बाजू मांडत बसणे व्यर्थ आहे.

पहिल्या गटाला मात्र उत्तर द्यायला हवे, आणि ते सांगलीतच सापडते. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले. त्यांचे ‘संशयकल्लोळ’ आर्थर मर्फी यांच्या इंग्रजी नाटकावरून आले आणि मर्फींनीही ते मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनावरून घेतले होते. दोन भाषा ओलांडून आलेल्या या नाटकातला फाल्गुनराव इतका अस्सल मराठी आहे की त्याचे मूळ शोधण्याची कोणाला गरज वाटत नाही. घेतले कोठून, यापेक्षा घेतलेले पचले का, हा देवलांनी घालून दिलेला निकष आहे, आणि ‘एरागॉन’ला तोच लावला पाहिजे.

तो लावला तर निकाल दोन्ही तटांना पुरता सुखावणारा येत नाही. पहिल्या भागाचा कथासांगाडा पचलेला नाही. ब्रॉमचा मृत्यू वाचकाला आधीच दिसतो, वर्णने लांबतात, आणि प्रत्येक सूर्योदयाला विशेषणांचा साज चढवण्याचा सोस किशोर लेखकाचा आहे हे लपत नाही. पण मंत्रविद्येच्या बाबतीत पाओलिनी यांनी उसन्या मालाचे स्वतःचे काहीतरी केले आहे. मंत्राने केलेल्या कामाला हातांनी केल्याइतकीच शक्ती लागते, आणि कुवतीबाहेरचा मंत्र उच्चारणारा मरू शकतो, हा नियम ते चारही भागांत काटेकोर पाळतात. त्यामुळे प्रत्येक चमत्काराला शरीराची किंमत पडते. त्याहून महत्त्वाचा प्रसंग एल्व्हाचा. एरागॉन एका तान्ह्या मुलीला प्राचीन भाषेत आशीर्वाद देतो. तिचे दुर्दैवापासून रक्षण व्हावे असे त्याला म्हणायचे असते, पण व्याकरणाच्या चुकीमुळे ती स्वतःच इतरांच्या दुर्दैवाची ढाल होते आणि दुसऱ्यांच्या वेदना तिच्या अंगावर येऊ लागतात. सद्भावनेने केलेल्या अर्धवट ज्ञानाच्या वापराने एका निष्पाप जिवाचे बालपण जळून जाते, आणि नायकाला पुढच्या भागांत त्या मुलीच्या डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. खऱ्या भाषेची कल्पना इतरत्रही आढळते. हे फळ मात्र याच पुस्तकातले आहे, आणि नकलेचा आरोप करणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या भागाशीच थांबलेले असल्याने ते त्यांच्या हिशेबात येत नाही.

२००६ च्या चित्रपटाने या वादात भर घातली ती गैरसमजाची. त्यात कथेचा नेमका उसना भाग तेवढा उरला आणि मंत्रविद्येचे नियम, एल्व्हाची पूर्वतयारी, प्रवासातले हळूहळू जुळणारे नाते हे सगळे गळाले. पुस्तक न वाचता चित्रपटावरून मत बनवलेले अनेक जण आजही दुसऱ्या तटात मोजले जातात.

अलीकडे वादाचे रूपही बदलले आहे. आज सातवी-आठवीत हे पुस्तक हाती घेणाऱ्या मुलाने मराठीतून हॅरी पॉटर वाचलेला असतो, ड्रॅगनवर बसून उडणारी मुले पडद्यावर पाहिलेली असतात, आणि ‘स्टार वॉर्स’ त्याला नंतर भेटतो. त्याच्या दृष्टीने जुनी आणि मूळ गोष्ट ‘एरागॉन’च असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाओलिनी त्याच जगात परतले आणि त्यांनी ‘मर्टाग’ ही कादंबरी काढली. तिचा नायक एरागॉन नाही. ड्रॅगनस्वारांचा द्रोह करणाऱ्या बापाचा मुलगा, शत्रूच्या सक्तीने शपथ घ्यावी लागलेला, दोन्ही पक्षांच्या संशयाचा धनी झालेला मर्टाग आहे. ज्याच्या घडणीत उसनवारी सर्वांत कमी दिसते असे मूळ मालिकेतले हेच पात्र, आणि पहिले पुस्तक अर्ध्यावर सोडलेल्या वाचकांनाही मी हे नवे पुस्तक आधी वाचा असे आग्रहाने सांगतो.